ट्रकच्या कॅबिनमधला इन्व्हर्टर : किती वॅटचा आणि कशासाठी?

मे महिन्यात न्हावाशेवा बंदराच्या रांगेत किंवा भिवंडीच्या गोदामाबाहेर ट्रकच्या कॅबिनमध्ये रात्र काढायची म्हणजे काय, हे शेजारून गाडी घेऊन जाणाऱ्याला कळत नाही. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतो. खाली इंजिन अजून गरम असते. काच उघडी ठेवली तर डास येतात आणि डिझेल चोरीला जाण्याची धास्ती असते; बंद केली तर जीव घुसमटतो. पहाटे पाच वाजता पुन्हा स्टिअरिंगवर बसायचे असते. अशा वेळी एखादा चालक ट्रान्सपोर्ट नगरातल्या दुकानात जाऊन ‘बॅटरीवर पंखा चालेल असा इन्व्हर्टर द्या’ म्हणतो, तेव्हा तो चैनीची वस्तू मागत नसतो. तो झोप विकत घेत असतो.

झोपेची किंमत मोजलेली आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे सहकार्य किती मंदावते, हे ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके, असे त्यांचे मोजमाप होते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी ठरवलेली मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक थेंबही न घेतलेला, पण रात्रभर उकाड्यात तळमळलेला चालक सकाळी रस्त्यावर येतो तेव्हा तो त्या मर्यादेच्या बाहेर गेलेला असू शकतो. नाक्यावर फुंकर मारून हे कळत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या कॅबिनला वातानुकूलन असणे केंद्र सरकारने सक्तीचे केले, हे चांगलेच झाले. पण तो एसी इंजिनवर चालतो. गाडी उभी करून इंजिन बंद केले की एसीही बंद. मग रात्रभर इंजिन चालू ठेवायचे काय? तासाला लिटर-दोन लिटर डिझेल जाते, हा मालकाचा प्रश्न झाला. डॉक्टरांचा प्रश्न वेगळा आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. सायलेन्सरची नळी कुठे फुटलेली असेल, कॅबिनच्या फरशीला भोके असतील, शेजारच्या दहा गाड्यांचीही इंजिने धडधडत असतील, तर तो धूर झोपलेल्या माणसाच्या छातीत जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. पेट्रोल इंजिनापेक्षा डिझेल इंजिनातून तो कमी निघतो हे खरे, पण बंद कॅबिनमध्ये ‘कमी’ या शब्दावर विसंबून झोपता येत नाही. तेव्हा इंजिन बंद ठेवून, बॅटरीतली साठवलेली वीज वापरून रात्र काढणे हा विचार मुळात योग्य आहे. घोटाळा होतो तो इन्व्हर्टर निवडताना.

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटचा देऊ?’ आणि पैसे पुरत असतील तर चालक मोठ्यातला मोठा उचलतो. दोन हजार वॅटचा घेतला की पंखाही चालेल, फ्रिजही चालेल आणि इंडक्शन शेगडीही. पण इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. तो फक्त बॅटरीतल्या १२ किंवा २४ व्होल्टच्या एकदिश विजेचे घरातल्यासारख्या २३० व्होल्टच्या उलटसुलट विजेत रूपांतर करतो आणि त्या कामाची दलाली म्हणून दहा ते वीस टक्के वीज स्वतः खातो. हौद तेवढाच, नळ मात्र मोठा, असा हा प्रकार. शिवाय मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही जोडले नाही, तरी वीस ते चाळीस वॅट ओढू शकतो. रात्रभरात होणारा हा फुकटचा खर्च एका टेबल फॅनच्या खर्चाइतका भरतो. छोटा, ३०० वॅटचा इन्व्हर्टर याच कामी पाच-दहा वॅटवर भागवतो.

म्हणून सुरुवात दुकानातून न करता कागद-पेन्सिल घेऊन करावी. साध्या टेबल फॅनला साधारण ४५ वॅट लागतात. आठ तासांचे ३६० वॅट-तास झाले. मोबाइल चार्जिंगचे वीस धरा. घोरणाऱ्या, स्लीप ॲप्नियाचे निदान झालेल्या चालकाला सीपॅप यंत्र दिलेले असेल तर, दमट हवा देणारा हीटर बंद ठेवून, त्याचे सरासरी ४० वॅट, म्हणजे रात्रीचे ३२० वॅट-तास. एकूण ७००. इन्व्हर्टरची दलाली धरून सुमारे ८२५.

आता हौद किती मोठा ते पाहू. अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. प्रत्येक बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर बरेच जण दोन्ही मिळून २०० अँपिअर-तास धरतात. ते चूक आहे. अशा जोडणीत व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर-तास १००च राहतात. म्हणजे २४ गुणिले १००, एकूण २४०० वॅट-तास. त्यातले सगळे वापरायचे नसतात. इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली बॅटरी क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी असते, रात्रभर हळूहळू रिकामी होण्यासाठी नसते. तिची एक तृतीयांश वीज वापरली की थांबावे, फार तर निम्मी. एक तृतीयांश म्हणजे ८०० वॅट-तास. वरचा हिशोब पुन्हा पाहावा: एक पंखा, एक मोबाइल, एक सीपॅप, एवढ्यातच मर्यादा संपली. त्यात इंडक्शन शेगडीला जागा उरलेली नाही.

याच हिशोबातून एक सोपी वाट निघते आणि तिच्याबद्दल दुकानदार फारसे बोलत नाहीत. अनेक गोष्टींना इन्व्हर्टर लागतच नाही. २४ व्होल्टवर थेट चालणारा छोटा पंखा पंधरा वॅटच्या आसपास वीज घेतो आणि झोपलेल्या एका माणसाला पुरेसा वारा देतो. मोबाइलसाठी २४ व्होल्टचा कार चार्जर मिळतो. बहुतेक सीपॅप यंत्रांना वाहनाच्या बॅटरीवर थेट चालवणारे कंपनीचे कन्व्हर्टर मिळतात. यंत्राच्या पुस्तिकेत त्याचा क्रमांक दिलेला असतो. सगळे असे थेट जोडले तर रात्रीचा खर्च पाचशे वॅट-तासांवर येतो आणि सकाळी सेल्फ एका झटक्यात लागतो.

पंख्याबद्दल एक वैद्यकीय सूचना इथेच द्यायला हवी. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर असेल तेव्हा पंखा अंगावर गरम झोत मारून शरीर अधिक तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विदर्भ-खानदेशात दुपारी कॅबिनमध्ये पंखा लावून झोपणे म्हणूनच धोक्याचे. त्या वेळी झाडाची सावली, ढाब्याची बाज, ओला पंचा आणि भरपूर पाणी हाच उपाय. कितीही वॅटचा इन्व्हर्टर तिथे कामाचा नाही. रात्री हवा तिशीत आली की पंख्याचे खरे काम सुरू होते.

ट्रकचालकांच्या औषधांच्या पिशवीत हल्ली इन्सुलिन पेन दिसू लागले आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले पेन प्रकारानुसार साधारण चार आठवडे, २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात, बाहेर चालते. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात मात्र तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस-एक अंश तापमान चढते. चाळीसच्या दुपारी डॅशबोर्डच्या कप्प्यातले इन्सुलिन म्हणजे चुलीशेजारी ठेवलेले इन्सुलिन. ते खराब झाले तरी बहुधा दिसायला तसेच दिसते. चालक नेमाने सुई टोचतो आणि साखर तरी तीनशेवर राहते. मग डोस वाढवला जातो, आणि पुढच्या महिन्यात औषध दुकानातले ताजे पेन घेतले की तोच वाढीव डोस साखर एकदम खाली आणतो. गाडी चालवताना साखर खाली जाणे हे वर जाण्यापेक्षा कितीतरी भयंकर.

म्हणून इन्सुलिनसाठी फ्रिज घेणारे चालक आहेत आणि त्यांचे कौतुकच करायला हवे. फक्त फ्रिज कोणता, हे पाहावे. लाइटरच्या सॉकेटला लावायचा स्वस्त ‘कूलर बॉक्स’ बहुतेकदा कॉम्प्रेसरविना चालतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच थंडावा देतो. बाहेर ४२ असेल तर आत बाविसाच्या वर. वापरातल्या पेनला हे चालेल, महिन्याच्या साठ्याला नाही. आणि तो चाळीस-साठ वॅट अखंड ओढत राहतो. कॉम्प्रेसरवाला, १२ आणि २४ व्होल्टवर थेट चालणारा छोटा फ्रिज महाग असतो, पण हवे ते तापमान गाठले की तो आपोआप थांबतो, त्यामुळे वीज बेताने खातो. त्यात इन्सुलिन थंड पत्र्याला टेकवून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही, ते टाकून द्यावे. आणि घरचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावण्याचा विचार असेल तर एक लक्षात ठेवावे: कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तीन ते सहा पट वीज मागतो. ऐंशी वॅटचा फ्रिज सुरू होताना तीनशे वॅटचा इन्व्हर्टर बंद पडतो तो यामुळे. इन्व्हर्टरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बऱ्याचदा हा क्षणिक ताकदीचाच असतो. सतत किती वॅट देतो तो आकडा बारीक अक्षरात शोधावा लागतो.

महिनाभराचा साठा घरीच ठेवून फेरीपुरते एकच पेन सोबत न्यायचे असेल, तर फ्रिजची गरज नाही. ओल्या वाळूत बसवलेले मातीचे छोटे मडके किंवा पाण्यात भिजवून वापरायची इन्सुलिनची पिशवी सावलीत, हवेशीर जागी पेनला पुरेशी थंड ठेवते. वीज शून्य. कोकणातल्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, तिथे हा उपाय थोडा लंगडा पडतो. देशावर उत्तम चालतो. दम्याचेही तसेच. कॅबिनमध्ये नेब्युलायझर चालवण्यासाठी मोठा इन्व्हर्टर घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. स्पेसरसह इनहेलरने बहुतेकांचे तेवढेच काम होते. आणि रोज नेब्युलायझर घ्यावा लागेल इतका दमा बळावलेल्या माणसाला आधी उपचार बदलून हवेत, इन्व्हर्टर नव्हे.

हे सगळे वजा करूनही ज्यांना २३० व्होल्ट लागतात, त्यांच्यासाठी तीनशे वॅटचा, फार तर पाचशेचा, ‘प्युअर साइन वेव्ह’ इन्व्हर्टर पुरतो. बाजारात त्याच्या निम्म्या किमतीत ‘मॉडिफाइड साइन वेव्ह’ मिळतो. त्याच्यातून येणारी वीज घरच्यासारखी गुळगुळीत लाटेची नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. दिवा, मोबाइल चार्जर तिच्यावर चालून जातात. पंखा मात्र घुं-घुं करतो आणि तापतो, कॉम्प्रेसर तापतो. सीपॅपसारखी नाजूक यंत्रे बिघडू शकतात आणि मग वॉरंटीचे भांडण वेगळेच. झोपेसाठी घेतलेली वस्तू रात्रभर कण्हत राहणार असेल तर ती घेण्यात अर्थ नाही. वैद्यकीय उपकरण जोडायचे असेल तर प्युअर साइन वेव्हच घ्यावा, यात तडजोड नको. डब्यावर वॅटऐवजी व्हीए लिहिलेले असेल तर प्रत्यक्ष वॅट त्याहून कमी धरावेत. ८०० व्हीए म्हणजे ६४० वॅटच्या आसपास. परदेशातून कुणी आणून दिलेला ११० व्होल्टचा इन्व्हर्टर आपल्या उपकरणांना चालत नाही, हेही तपासून घ्यावे.

व्होल्टचा गोंधळ याहून घातक आहे. पिकअप आणि छोट्या टेम्पोत १२ व्होल्ट असतात, अवजड ट्रकमध्ये २४. बारा व्होल्टचा इन्व्हर्टर चोवीसवर लावला तर तो जळतो. त्यावर काही वायरमन तोडगा काढतात: दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट ओढतात. पहिला आठवडा सगळे छान चालते. पण रोज रात्री एक बॅटरी उतरते आणि दुसरी भरलेलीच राहते. अल्टरनेटरला मात्र दोघी एकच दिसतात, तो दोघींना सारखेच चार्ज करत जातो. उतरलेली कधीच पुरी भरत नाही. भरलेलीला जास्तीचे चार्जिंग होऊन तिचे पाणी उकळते आणि त्यातून हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटून तोंडावर तेजाब उडालेले रुग्ण अपघात विभागांना नवे नाहीत. अशा वेळी डोळे चोळू नयेत. वाहत्या पाण्याखाली, पापण्या उघड्या धरून, निदान वीस ते तीस मिनिटे धुवावेत आणि मगच दवाखाना गाठावा. पाणी कुठलेही, पिण्याच्या कॅनमधलेसुद्धा, चालते. शोधाशोधीत मिनिटे घालवू नयेत.

याच कारणाने घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी कॅबिनमध्ये सीटमागे ठेवणे चुकीचे आहे. चार्ज होताना ती हायड्रोजन आणि तेजाबाची वाफ सोडते, खड्ड्यात सांडते आणि अचानक ब्रेक लागला तर पन्नासएक किलोचा तो ठोकळा पुढे येतो. वेगळी बॅटरी बसवायचीच असेल तर ती कॅबिनबाहेर, चेसिसला पक्क्या बांधलेल्या पेटीत, मुख्य बॅटरीशी आयसोलेटर लावून बसवावी. म्हणजे रात्री काहीही चालवले तरी सेल्फची बॅटरी शाबूत राहते. ज्यांच्या गाड्या बंदराच्या रांगेत दोन-दोन दिवस उभ्या असतात त्यांना याचा खरा उपयोग. लांब पल्ल्याच्या गाडीला दिवसा सात-आठ तास इंजिन चालून बॅटरी भरायला वेळ मिळतो. रांगेतली गाडी दर अर्ध्या तासाने पन्नास मीटर सरकते, तेवढ्यात काही भरत नाही.

आता तारांविषयी. बारा-चोवीस व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून ही बाजू निर्धोक मानली जाते. झटका बसत नाही हे बरोबर, पण जळते. बॅटरीचे टर्मिनल आवळताना हातातली अंगठी किंवा स्टीलचे घड्याळ पाना आणि पत्र्याच्या मध्ये आले, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्यातून जातो. अंगठी काही क्षणांत लालभडक होते आणि बोटाभोवती खोल कडे भाजते. कधी ते बोट वाचत नाही. बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी, कडे, घड्याळ काढणे आणि आधी निगेटिव्ह तार सोडवणे, एवढ्याने हे टळते.

दुसरे भाजणे हळू असते. इन्व्हर्टरला ५० अँपिअर जात असतील आणि थिंबल नीट दाबलेले नसल्याने जोडाला नुसता ०.०२ ओहमचा अडथळा असेल, तरी त्या एका जोडात ५० वॅटची उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री जवळपास तेवढ्याच वॅटची असते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट. पंधराशे वॅटची इंडक्शन शेगडी २४ व्होल्टवर सुमारे ७४ अँपिअर ओढते, १२ व्होल्टच्या पिकअपवर जवळजवळ १४७. मोठा इन्व्हर्टर नको म्हणण्याचे खरे कारण बॅटरी उतरणे हे नाहीच, हे आहे. लाइटरच्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. तिथे पंखा-मोबाइलपुरता छोटा इन्व्हर्टर ठीक. त्याहून मोठा थेट बॅटरीवर, जाड तांब्याच्या, होता होईल तितक्या आखूड तारेने जोडावा आणि पॉझिटिव्ह तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवावा. फ्यूज इन्व्हर्टरजवळ बसवून उपयोग नाही, कारण मधल्या तारेची साल पत्र्याला घासून गेली तर ती तार जळत राहते आणि तिकडचा फ्यूज शाबूत असतो. चोवीस व्होल्टवर तीनशे वॅटला २५ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो उडाला म्हणून तिथे जाड तार गुंडाळणारा क्लीनर प्रत्येक गाडीवर एक तरी असतो. त्याला हे समजावून सांगणे मालकाचे काम.

इन्व्हर्टर झोपण्याच्या फळीखाली, गादीला चिकटून ठेवू नये. त्याला चारही बाजूंनी वारा लागतो. झोपेत जळका वास आला की जाग येईल, असा सगळ्यांचा समज असतो. वासाने जाग येण्याचा भरवसा नाही; गाढ झोपेत मेंदू आवाजाला जागा होतो, वासाला सहसा होत नाही. फोमची गादी धुमसू लागली की कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायूही निघतो, आणि कॅबिनसारख्या चार-पाच घनमीटर जागेत बेशुद्ध व्हायला मिनिटे पुरतात. आगीत सापडलेल्या बऱ्याच जणांना ज्वाळेआधी धूरच गाठतो.

इन्व्हर्टरच्या पुढची बाजू २३० व्होल्टची. ती घरातल्या विजेइतकीच जीवघेणी आहे, ट्रकमध्ये आहे म्हणून सौम्य नाही. घामाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या हातातून ती सहज शिरते. शंभर मिलिअँपिअरसुद्धा हृदयाचा ठोका बिघडवायला पुरतात. उघड्या तारा सॉकेटमध्ये काडी घालून बसवणे हा ट्रकमधला नेहमीचा प्रकार. तो बंद व्हायला हवा. इन्व्हर्टरचा अर्थिंगचा स्क्रू चेसिसला जोडलेला असावा. कुणाला झटका बसलाच तर आधी इन्व्हर्टरचे बटण बंद करावे, मग माणसाला हात लावावा. श्वास नसेल तर छाती दाबणे सुरू करून १०८ला फोन करावा.

स्वयंपाकाचे काय, हा प्रश्न उरतोच. बाहेरचे तेलकट खाऊन रक्तदाब आणि साखर वाढलेल्या चालकाला डॉक्टरच सांगतात की घरचे खा. मग तो कॅबिनमध्ये शेगडी लावतो. पंधराशे वॅटवर वीस मिनिटांत वरण-भात झाला तरी सुमारे सहाशे वॅट-तास, म्हणजे बॅटरीची चौथाई, गेली. आणि जास्त प्रवाहाने ओढले तर बॅटरी प्रत्यक्षात त्याहून अधिक उतरते. कॅबिनमध्ये गॅसची छोटी शेगडी किंवा कोळशाची सिगडी पेटवणे तर विषाची परीक्षा आहे. गाडीपासून दूर, उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशाला स्टोव्ह लावणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. भाकरी, दाण्याची चटणी, भिजवलेली मटकी, दही, काकडी यांना तर शेगडीच लागत नाही.

बॅटरी किती उतरली हे कळण्यासाठी शे-दोनशे रुपयांचा व्होल्टमीटर डॅशबोर्डवर लावावा. इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर २४ व्होल्टच्या गाडीत २५.२च्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी भरलेली, २४.४ म्हणजे साधारण निम्मी. बहुतेक इन्व्हर्टर कमी व्होल्टला आपोआप बंद होतात, पण तो आकडा २१च्या आसपास असतो. तोवर सेल्फ लागण्याची आशा संपलेली असते. बंद होण्याचा आकडा २४च्या जवळ लावता येईल असा इन्व्हर्टर किंवा वेगळा कट-ऑफ स्विच घ्यावा. पहाटे चारला गाडी सुरू न होणे ही केवळ गैरसोय नसते. दुसरी गाडी आणून जंप देईपर्यंत दोन-तीन तास जातात आणि माल पोहोचवण्याची वेळ मात्र सरकत नाही. १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगत होता. ते गेलेले तास कायद्यातून भरून निघत नाहीत, चालकाच्या झोपेतून निघतात.

नवा इन्व्हर्टर बसवल्यावर पहिली रात्र महामार्गावर काढू नये. गाडी घरासमोर किंवा मालकाच्या आवारात उभी असताना जे जे रात्री लावायचे ते सगळे लावून पाहावे. तासाभराने उठून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत तारेवरून आणि, अंगठी काढून, प्रत्येक थिंबलवरून हाताची पाठ फिरवावी. कोमट लागले तर ठीक. हात टेकवता येत नसेल तर तो जोड त्याच दिवशी सोडवून पुन्हा दाबून घ्यावा. सकाळी सगळे बंद करून अर्ध्या तासाने व्होल्टमीटर पाहावा. २४.४च्या खाली गेला असेल तर यादीतली एक वस्तू कमी करावी. पंखा मात्र ठेवावा.